पोटात बाळ, मानेत गाठ

पोरी,

तुझं नाव मला माहीत नाही. तू खिंगरची असशील, दांडेघरची, गोडवलीची, नाहीतर भिलारच्या स्ट्रॉबेरीच्या रानात रोजाने जाणारी. तुला दिवस गेलेत, आणि मानेच्या कडेला किंवा गळ्याखालच्या हाडाच्या वर एक गाठ हाताला लागतेय. दुखत नाही म्हणून तू तिच्याकडे लक्ष दिलं नाहीस. दम लागतो, थकवा येतो, अंगाला खाज सुटते, पाचगणीच्या थंडीतसुद्धा रात्री घामाने अंगावरचे कपडे भिजतात. ज्याला सांगावं तो म्हणतो, पोटुशीला असं व्हायचंच.

असं म्हणणाऱ्यांना तरी दोष कसा द्यायचा? दम, थकवा, रक्त कमी असणं, घाम येणं हे सगळं निरोगी गरोदरपणातही होतं. पण ग्रंथींचा कॅन्सर, ज्याला डॉक्टर लिम्फोमा म्हणतात, तोही याच खुणा घेऊन येतो. गरोदर बाईला कॅन्सर होणं दुर्मीळ आहे. साधारण हजार गरोदर बायकांत एखादीला होतो. पण ज्या कॅन्सरांची गाठ या दिवसांत पडते त्यांत लिम्फोमाचा नंबर वर लागतो. त्यातला हॉजकिन लिम्फोमा तर विशी-तिशीतच जास्त दिसतो, म्हणजे नेमका लेकुरवाळेपणाच्या वयात.

हे पत्र बंद पाकिटात घालत नाही, कारण ते तुझ्या सासूने वाचावं, नवऱ्याने वाचावं, आशाताईंनी वाचावं असं मला वाटतं. मला मुळात एकच गोष्ट सांगायची आहे. ‘आई की बाळ’ असा प्रश्न लोक तुझ्यापुढे टाकतील. बहुतेकींच्या बाबतीत तो प्रश्नच चुकीचा असतो. या आजारात खरं नुकसान करते ती भीती. एक भीती तपासणी पुढे ढकलायला लावते, दुसरी बाळाला घाईने बाहेर काढायला लावते.

पहिल्या भीतीपासून सुरुवात करते, कारण तिची मुळं आपल्याच डोंगरात आहेत. पाचगणीला माणसं शंभर वर्षं छातीच्या आजारासाठी येत राहिली. कोरडी हवा, सिल्व्हर ओकची झाडं आणि चार हजार फुटांवरची उंची, एवढंच तेव्हा क्षयावरचं औषध होतं. डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली इथे बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. पुढे ते रेड क्रॉसकडे गेलं. खाली मिरजेजवळ वानलेसवाडीतही क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं. त्यामुळे सातारा-सांगलीकडच्या म्हाताऱ्या माणसांना मानेची गाठ दिसली की ‘गंडमाळ’ हा शब्द आपोआप तोंडात येतो. गंडमाळ म्हणजे ग्रंथींचा टीबी. तो आजही आपल्याकडे भरपूर आहे, म्हणून डॉक्टरांच्या मनातही तोच आधी येतो. त्यात तू गरोदर. मग ‘आत्ता कशाला चिरफाड, सहा महिन्यांचा कोर्स घे, बाळंत झाल्यावर बघू’ असं ठरतं. कोर्सच्या गोळ्या सुरू होतात, गाठ कमी होत नाही, आणि सहावा महिना कधी उलटला ते कळत नाही. आपल्या देशात हॉजकिनचे कितीतरी रुग्ण असे आधी टीबीच्या गोळ्या खाऊन मगच कॅन्सरच्या डॉक्टरांपर्यंत पोचतात.

टीबी आणि हा आजार यांची गल्लत जुनी आहे, आणि ती मोठमोठ्यांची झालेली आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातल्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली ग्रंथी आणि पाणथरी सुजून मेलेल्या काही रुग्णांचं वर्णन लिहिलं. आजाराला नाव मिळालं ते त्यांचं. १८९८ साली व्हिएन्नातले कार्ल स्टर्नबर्ग यांनी या गाठींतल्या मोठ्या, वेगळ्या दिसणाऱ्या पेशी नीट टिपल्या, पण हा टीबीचाच एक तऱ्हेवाईक प्रकार आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. ते खोडून काढलं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या डोरोथी रीड या तरुण डॉक्टरबाईंनी. बायकांना डॉक्टरकी शिकवावी की नाही यावर वाद चालू असण्याचा तो काळ. १९०२ साली त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहिलं की हा टीबी नाही, हा वेगळाच आजार आहे. त्या पेशींना आजही रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात, आणि जगातला कुठलाही पॅथॉलॉजिस्ट हॉजकिन लिम्फोमा ठरवताना त्याच शोधतो.

या बाईंचं पुढचं आयुष्य तुला सांगायलाच हवं. लग्न होऊन त्या डोरोथी रीड मेंडेनहॉल झाल्या. पहिल्या बाळंतपणात डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळे त्यांची मुलगी जन्मून काही तासांतच गेली. त्या स्वतः बाळंतज्वराने आजारी पडल्या. दुसरं मूल, मुलगा, लहानपणीच पडून दगावलं. पुढचे दोन मुलगे जगले. त्यानंतर या बाईंनी पेशी पाहणं सोडून उरलेलं आयुष्य बाळंतपण सुरक्षित कसं होईल यावर घालवलं. विस्कॉन्सिन राज्यात त्या गावोगाव जाऊन गरोदर बायकांना, तान्ह्या पोरांच्या आयांना शिकवत राहिल्या. डेन्मार्कातल्या सुइणींचं काम पाहून त्यावर अहवाल लिहिला. तुझ्या मानेतल्या गाठीला टीबीपासून वेगळं काढणारी बाई आणि तुझ्या पोटातल्या बाळाची काळजी करणारी बाई एकच होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आधार वाटला होता, आणि तुलाही तो वाटावा म्हणून एवढं लांबण लावलं.

तर, गाठ कापून तपासायची. त्याला बायोप्सी म्हणतात. नुसती सुई टोचून काढलेल्या पाण्यावर लिम्फोमा पक्का ठरत नाही. अख्खी गाठ, निदान तिचा चांगला तुकडा हवा. मानेतली गाठ ती जागा बधिर करून काढता येते, आणि ते गरोदरपणाच्या कुठल्याही महिन्यात करता येतं. त्याच तुकड्यातला भाग टीबीच्या तपासणीला पाठवता येतो, म्हणजे दोन्ही शंका एकदमच मिटतात. टीबी निघाला तर टीबीचं औषध घे, तेही गरोदरपणात घ्यायलाच हवं. पण तुकडा तपासल्याशिवाय ‘बघू या’ म्हणून सुरू केलेला कोर्स मान्य करू नकोस. आणि त्याहून धोक्याचं म्हणजे तपासणीआधी कोणी सूज उतरायला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर. त्यांनी लिम्फोमाची गाठ थोडे दिवस खरंच लहान होते, घरच्यांना वाटतं उतार पडला, आणि नंतर तुकडा काढला तरी त्यात आजार नीट ओळखू येत नाही. लेप, शेक, गाठ चोळणं यांतही नुसता वेळ जातो.

बायोप्सीत लिम्फोमा निघाला की तो कुठवर पसरलाय ते पाहावं लागतं. इथे बाळाचा खरा विचार करायचा असतो. एरवी अशा रुग्णाला पेट-सीटी करतात. तुझ्या बाबतीत ते टाळतात, कारण त्यातला किरणोत्सार पोटापर्यंत जातो. पोटाचं सीटी स्कॅनही टाळतात. त्याऐवजी सोनोग्राफी आणि एमआरआय, तोही गॅडोलिनियमचं इंजेक्शन न देता. छातीचा एक्स-रे म्हटलं की घरातले घाबरतात, पण त्यातून गर्भाला पोचणारे किरण नगण्य असतात, आणि छातीत, हृदयापुढे मोठी गाठ आहे का ते कळण्यासाठी तो फार मोलाचा असतो. उताणं झोपलं की जीव घाबरा होतो, चेहरा सुजतो, असं होत असेल तर ते बाळाच्या वजनाने होतंय असं समजू नकोस. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग. रक्त तपासणी, हृदयाची टू-डी इको, गरज पडली तर कमरेच्या हाडातला मगज काढून पाहणं, हे सगळं बाळाला धक्का न लावता होतं.

मग उपचार. ते कितवा महिना आहे आणि कुठल्या जातीचा लिम्फोमा आहे यावर ठरतात. काही जाती इतक्या संथ असतात की बाळंतपण होईपर्यंत नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. काही इतक्या जलद वाढतात की एक आठवडाही दवडता येत नाही. हॉजकिन बहुधा या दोन्हींच्या मध्ये असतो.

पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. बाळाचे हृदय, मेंदू, हातपाय तेव्हाच घडत असतात, आणि केमोची, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी, औषधं त्या घडणीत बिघाड करू शकतात. म्हणून आजार थांबण्यासारखा असेल तर बारावा-चौदावा आठवडा ओलांडेपर्यंत थांबतात, दर थोड्या दिवसांनी तपासून. थांबण्यासारखा नसेल तर कधी व्हिनब्लास्टिन या एकट्या औषधावर वेळ निभावतात. आणि आजार फारच जोरात असेल, पहिल्याच महिन्यांत पूर्ण केमो द्यावी लागणार असेल, तर डॉक्टर गर्भपाताचा विषय काढतील. त्यावर पुढे लिहिते.

चौथ्या महिन्यापासून चित्र बदलतं. हॉजकिनसाठी जगभर जे चार औषधांचं मिश्रण वापरतात, एबीव्हीडी, ते चौथ्या महिन्यापासून गरोदर बाईलाही दिलं जातं, दर पंधरा दिवसांनी, सलाईनमधून. मिलानच्या जानी बोनादोन्ना यांनी ते १९७० च्या दशकात बसवलं. त्यातलं पहिलं लाल रंगाचं ॲड्रियामायसिन. इटलीतल्या एका किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूंच्या वाणातून ते तयार झालं आणि तिथल्या ॲड्रियाटिक समुद्रावरून त्याला नाव मिळालं. तिसरं व्हिनब्लास्टिन. ते मिळतं सदाफुलीपासून. तीच सदाफुली, जी तुझ्या तुळशीवृंदावनाशेजारी पाणी न घालताही बारा महिने फुलते. कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर तिच्या पानांत मधुमेहाचं औषध शोधत होते. त्यांना आढळलं की पानांच्या अर्काने उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, आणि त्यातून १९५८ च्या सुमारास हे औषध हाती आलं. पण म्हणून सदाफुलीची पानं चावू नकोस, काढाही पिऊ नकोस. त्या झाडात कितीतरी विषारी द्रव्यं एकत्र असतात, कारखान्यात टनावारी पानांतून मोजके ग्रॅम औषध वेगळं काढतात, आणि गरोदर बाईने ते झाड पोटात घेणं म्हणजे बाळाला सरळ धोका. कोणी ‘नैसर्गिक आहे’ म्हणून आग्रह केला तर त्याला हे वाचून दाखव.

डोस तुझ्या चालू वजनावर ठरवतात, पोटातल्या बाळाच्या वजनासकट. बाळाच्या काळजीने डोस अर्धा करा असं घरच्यांनी म्हणू नये; अर्ध्या डोसने आजार मरत नाही आणि बाळाचाही काही फायदा होत नाही. ओकारी थांबवायची औषधं गरोदरपणात चालतील अशीच देतात. इंजेक्शन चालू असताना शिरेभोवती आग झाली, तर सोसत बसू नकोस, त्याच क्षणी नर्सला हाक मार. ॲड्रियामायसिन शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळतं. केस जातील. बाळाचे म्हणून जाणार नाहीत, आणि तुझेही परत येतील.

केमोनंतर आठ-दहा दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र काढायची नाही, निघायचं. श्रावणात पसरणीचा घाट धुक्यात बुडालेला असतो, वाईला उतरायलाही गाडी मिळत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच गाडीवाल्याचा नंबर आणि थर्मामीटर उशाशी ठेव, आणि पावसाळ्यात त्या आठवड्यापुरतं वाईत किंवा साताऱ्यात कुणा नातेवाइकाकडे राहता आलं तर राहा.

दुसऱ्या प्रकारचा, जलद वाढणारा लिम्फोमा असेल तर आर-चॉप नावाचं मिश्रण दर एकवीस दिवसांनी देतात. त्यातलं रिटक्सिमॅब हे औषध शेवटच्या महिन्यांत दिलं असेल, तर जन्मल्यावर बाळाच्या शरीरात संरक्षण करणाऱ्या बी पेशी काही महिने कमी असतात. त्या भरून येतात. पण आपल्याकडे जन्मताच बीसीजीची सुई आणि पोलिओचे थेंब देतात, आणि या दोन्ही जिवंत जंतूंच्या लशी आहेत. अशा बाळाला त्या लगेच द्यायच्या नसतात. बाळंतपणाच्या खोलीत गडबड असते, तिथल्या नर्सला तुझ्या केमोची माहिती असेलच असं नाही. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर ‘रिटक्सिमॅब दिलं आहे, बीसीजी आणि पोलिओचे थेंब देऊ नका, बालरोगतज्ज्ञांना विचारा’ असं मोठ्या अक्षरात लिहून घे, आणि सासूबाईंना, तुम्ही बाळाजवळ राहा, असं सांगून ठेव.

रेडिएशन मात्र बाळंतपणानंतरच. आणि हॉजकिनवर आता जी नवीन औषधं निघाली आहेत, ब्रेंटक्सिमॅब, निव्होल्युमॅब, ती गरोदरपणात टाळतात. ‘चांगल्यातलं चांगलं औषध द्या’ असा हट्ट इथे कामाचा नाही. ज्याचा अनुभव जुना, तेच तुझ्यासाठी चांगलं.

तुझा खरा प्रश्न मला ठाऊक आहे. हे सगळं विष अंगात जाणार, मग बाळाचं काय? त्याचं उत्तर मेक्सिकोतल्या डॉ. अगुस्तीन अविलेस यांनी धीराने शोधलं. रक्ताच्या आणि ग्रंथींच्या कॅन्सरसाठी आईला केमो दिली तेव्हा पोटात असलेली ८४ मुलं त्यांनी वाढताना पाहिली, सरासरी अठरा वर्षांहून जास्त. २००१ साली त्यांनी लिहिलं की ही मुलं शाळेत इतरांसारखीच शिकली, त्यांना जन्मजात व्यंग नव्हतं, त्यांना कॅन्सर झाला नाही. त्यांतल्या काहींना स्वतःची मुलंही झाली होती. बेल्जियममध्ये ल्यूव्हेनच्या डॉ. फ्रेडरिक अमांत यांनी २०१५ साली आणखी काटेकोर काम केलं. आई गरोदर असताना तिला कॅन्सर निघाला अशा १२९ बाळांची तुलना तितक्याच साध्या बाळांशी केली. त्यांपैकी ९६ बाळांनी पोटात असताना केमो सोसली होती. हृदय, वाढ, बुद्धी, कशातही फरक दिसला नाही. फरक दिसला तो दुसऱ्याच गोष्टीने: जे बाळ जितकं आधी जन्मलं, तितके त्याचे बुद्धीच्या चाचणीतले गुण खाली होते, मग आईला कॅन्सर असो की नसो.

हे पुन्हा वाच, पोरी, कारण दुसरी भीती इथेच आहे. केमोला घाबरून आठव्या महिन्यात, बत्तिसाव्या-तेहतिसाव्या आठवड्यात बाळ काढून काचेत ठेवणं, ‘एकदा बाळ सुटलं की आईचं बघू’ म्हणणं, हे घरच्यांना शहाणपणाचं वाटतं. मला ते अतिशय चुकीचं वाटतं. बाळाला केमोपेक्षा अपुरे दिवस जास्त बाधतात. सदतीस आठवडे पुरे होतील असं बघायचं, मध्ये तुझी केमो चालू ठेवायची, आणि दर भेटीला सोनोग्राफीत बाळाची वाढ आणि नाळेतला रक्तपुरवठा पाहत राहायचं. अर्थात बाळाची वाढ खुंटली किंवा तुझा श्वासच अडला तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर लवकर बाळंत करतील आणि ते योग्यच असेल. आजार सातव्या-आठव्या महिन्यात सापडला आणि संथ असला, तर केमो बाळंतपणानंतर सुरू केली तरी चालतं. अमेरिकेत डॉ. अँड्र्यू इव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली गरोदरपणात लिम्फोमा झालेल्या ९० बायकांचा हिशेब मांडला. गर्भपात न केलेल्या ८४ जणींपैकी ५६ जणींनी पोटात बाळ असताना उपचार घेतले, २८ जणी बाळंतपणापर्यंत थांबल्या. हॉजकिन असलेल्यांपैकी शंभरातल्या ९७ जणी तीन वर्षांनंतर हयात होत्या.

बाळंतपणाच्या आधी तीन आठवडे केमो थांबवतात, म्हणजे तुझ्या आणि बाळाच्याही रक्तातल्या पेशी भरून येतात. साध्या वाटेने बाळंत होणं चांगलं, कारण मग काही दिवसांतच केमो पुन्हा सुरू करता येते. सिझेरियनची जखम भरायला जास्त थांबावं लागतं. वार तपासायला पाठवा, असं बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगायचं. आईचा लिम्फोमा वारेतून बाळाला जाणं इतकं विरळ आहे की त्याची भीती बाळगू नकोस, पण पाहून घेतलेलं बरं. बाळाच्या रक्ताचीही तपासणी होते.

दूध मात्र पाजता येणार नाही, केमो चालू असेपर्यंत. हे ऐकून तुला सगळ्यात जास्त रडू येईल, आणि शेजारणी ‘आईचं दूध नाही मिळालं’ म्हणून हळहळतील. डॉक्टरांना विचारून वरचं दूध द्यायचं. बाळाला तू छातीशी धर, अंगाला अंग लागू दे, त्याला केमोची आडकाठी नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे. या वेळी ती मोडावी लागेल. कॅन्सरचे डॉक्टर, बाळंतपणाचे डॉक्टर आणि नवजात बाळांचा विभाग जिथे एकमेकांशी बोलू शकतील तिथेच बाळंत व्हायचं. आईला तिकडे बोलावून घे.

आता गर्भपाताचं. पहिली गोष्ट, गर्भ काढल्याने लिम्फोमा बरा होत नाही, की त्याची वाढ थांबत नाही. गरोदरपणामुळे हॉजकिन जास्त बळावतो असंही दिसलेलं नाही. गर्भपाताचा विचार होतो तो फक्त तेव्हा, जेव्हा पहिल्या महिन्यांत पूर्ण उपचार लगेच द्यावेच लागतात. तसं असेल आणि तू तो निर्णय घेतलास, तर तुला कोणी बोल लावू नये. कायदा तुझ्या बाजूने आहे. १९७१ चा कायदा २०२१ साली दुरुस्त झाला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढे चोवीसपर्यंत काही ठरावीक परिस्थितीत दोघांचं, आणि बाईचा जीव वाचवायला तातडीने गरज असेल तर आठवड्यांची अट आड येत नाही. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, सासऱ्याची तर नाहीच. आणि उलट, तुला बाळ हवं असेल, डॉक्टर उपचार करू शकतो म्हणत असतील, तर ‘पुढच्या वेळी होईल की’ म्हणून कोणी तुझ्यावर दबाव आणत असेल, त्यालाही हाच कायदा आड आहे. तुझ्या संमतीशिवाय काहीही होत नाही. सून आजारी निघाली, पायगुण वाईट, असं बोलणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की हा आजार कुणाच्या पायाने येत नाही. तो बाहेरून चिकटत नाही, आणि ती बरी व्हावी एवढंच आत्ता घरातल्या सगळ्यांचं काम आहे.

जायचं कुठे? गाठीचा तुकडा साताऱ्यातही काढता येईल, वाईतही. पुढच्या उपचाराला कऱ्हाडचं कृष्णा रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालयाचं असल्याने बाळंतपण आणि कॅन्सर, दोन्ही विभाग तिथे एकाच आवारात. सांगली भागातली असलीस तर मिरजेचं सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय, आणि बाळंतपणासाठी तिथलंच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. पुण्यात ससून आहे. आणि मुंबईला परळचं टाटा मेमोरियल. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, आणि त्यांच्या पतीने, दोराबजींनी, आपल्या देशात कॅन्सरच्या उपचाराची सोय व्हावी असा ध्यास घेतला. ते इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह त्याच परळात, पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. बायोप्सीची काचपट्टी आणि मेणाचा ठोकळा जिथे तपासणी झाली तिथून मागून घे. तो तुझाच असतो, आणि मोठ्या इस्पितळात पुन्हा तपासून घेण्यासाठी लागतोच. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते. शिधापत्रिका आणि आधार बरोबर ने, आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेट, उपचार सुरू झाल्यावर नव्हे.

डॉक्टरांसमोर बसलीस की विचारायचे प्रश्न एका कागदावर लिहून ने. कुठल्या जातीचा आहे? कितव्या टप्प्यात आहे? आत्ताच सुरू करायला हवं का, की थांबता येईल, आणि थांबलं तर कशावर लक्ष ठेवणार? बाळंतपणाच्या डॉक्टरांशी तुमचं बोलणं झालंय का? शेवटची केमो कधी आणि बाळंतपण कुठल्या आठवड्यात धरताय? ही उत्तरं त्यांना द्यावीच लागतील, आणि चांगले डॉक्टर ती आनंदाने देतात.

सगळे उपचार संपल्यावर दोन वर्षं तरी पुन्हा दिवस जाऊ देऊ नकोस. आजार उलटायचा असला तर बहुधा त्याच काळात उलटतो, आणि तेव्हा तुझं शरीर मोकळं हवं. एबीव्हीडीने मूल होण्याची ताकद सहसा जात नाही. तपासणीला मात्र ठरल्या दिवशी जात जा, बाळाला कडेवर घेऊन गेलीस तरी चालेल. तिथल्या बाकांवर इतर बायका बसलेल्या असतील, त्यांच्यातली एखादी पोटुशी असेल, आणि तिला तुझ्याशी बोलायचं असेल.

तुझी,
वाईची एक मावशी